महापौर म्हणून मत मागताय, तर महापालिकेबद्दल बोला

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीचा प्रचार चालू आहे. आज संध्याकाळी सोसायटीत पुण्यातले भाजपचे उमेदवार मुरलीधर मोहोळ यांचे कार्यकर्ते पत्रकं वाटत होते. कॉलेजातली पोरं, उन्हाने रापलेली, बोलायला अदबशीर. साहेबांची ओळख त्यांनी घडाघडा सांगितली. मुळशीतलं मुठा गाव, शेतकऱ्याचं घर, कोल्हापूरची तालीम, मग पक्षाचं काम, नगरसेवक, स्थायी समितीचं अध्यक्षपद आणि कोविडच्या काळातले महापौर. मी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आत्ता आपल्या प्रभागाचा नगरसेवक कोण आहे रे?"

"आत्ता कोणीच नाही ना, ताई." इतकं सहज म्हणाला तो! तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

पुणे महापालिकेची मुदत १४ मार्च २०२२ ला संपली. तेव्हापासून प्रशासक. दोन वर्षं उलटून गेली. ना नगरसेवक, ना स्थायी समिती, ना मुख्य सभा, ना महापौर. आयुक्तच प्रस्ताव मांडणार आणि आयुक्तच मंजूर करणार. २०२४-२५ चं अंदाजपत्रक साडेअकरा हजार कोटींच्या वर गेलंय, आणि त्यावर "आमच्या भागाला काय?" असं विचारायला आपण निवडून दिलेला एकही माणूस सभागृहात नव्हता. २९ मार्च २०२३ ला आपले खासदार गिरीश बापटसाहेब गेले, त्यांच्या जागी पोटनिवडणूकही झाली नाही. उच्च न्यायालयाने घ्या म्हणून सांगितलं, तर त्याला सर्वोच्च न्यायालयात स्थगिती मिळाली. म्हणजे वर्षभर या शहराला खासदारही नाही आणि नगरसेवकही नाही. आणि आपण? आपण पार्किंगवरून भांडत बसलो.

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आठवा. आंबिल ओढ्याचा पूर. माझी मावशी अरण्येश्वरजवळ तळमजल्यावर राहते. पाणी आधी उंबऱ्याशी आलं आणि बघता बघता कॉटपर्यंत चढलं. काकांना धड चालता येत नाही. शेजाऱ्यांनी नगरसेवकाला फोन लावला. तो मध्यरात्री पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, दोन पोरं घेऊन आला आणि काकांना खुर्चीसकट उचलून वरच्या मजल्यावर नेलं. आमच्या घरात त्या पक्षाला कधी कोणी मत दिलेलं नाही. त्याने विचारलंही नाही.

पण मला त्याहून लक्षात राहिलाय तो दुसरा दिवस. चिखल उपसताना मावशीने त्याला दारात उभं करून झाप झाप झापलं. ओढ्याकाठी बांधकामं होताना कुठे होतात, नालेसफाईची बिलं निघाली ती कुठल्या नाल्याची, सगळं. तो खाली मान घालून ऐकत राहिला. कारण त्याला पुन्हा तिच्याच दारात यायचं होतं.

गेल्या पावसाळ्याआधी त्याच गल्लीतल्या गटाराचा गाळ काढायचा होता. मावशी ऑनलाइन तक्रार करून थकली, मग आम्ही दोघी कार्यालयात गेलो. एका टेबलावरून दुसऱ्यावर. साहेब राउंडला. साहेब मीटिंगला. शेवटी भेटलेल्या साहेबांनी "तुमची तक्रार निकाली निघालीय" असं स्क्रीनवर दाखवलं. गाळ जागच्या जागी. मावशी, जिने नगरसेवकाला घाम फोडला होता, ती तिथे गप्प बसली. झापायचं कोणाला? त्या साहेबांना उद्या तिचं मत मागायला यायचंच नाहीये.

"नगरसेवक सगळे टक्केवारीवाले, बरंच झालं गेले ते," असं इथे काहीजण म्हणतील. असतील टक्केवारीवाले. पण टक्केवारीवाल्याला पाच वर्षांनी घरी बसवता येत होतं. प्रशासकाला कसं बसवणार?

आणि ३० जून २०२१ ला शहराभोवतीची २३ गावं महापालिकेत घेतली, तेव्हा महापौर कोण होतं? मोहोळच. निर्णय राज्य सरकारचा, मान्य. पण मांजरीत राहणारी माझी मैत्रीण महापालिकेत आली आणि २०२४ उजाडलं तरी तिने एकदाही नगरसेवक निवडलेला नाही. ग्रामपंचायत गेली, सरपंच गेला, त्यांच्या जागी कोणी आलं नाही. टँकरला पैसे मोजणं तेवढं चालू आहे. (ती गावं बहुतेक बारामती आणि शिरूर मतदारसंघांत. म्हणून पुण्याच्या प्रचारात त्यांचं नावही निघत नसेल.)

मुळा-मुठेचा नदीकाठ सुधार प्रकल्प घ्या. ४४ किलोमीटरचं काम. ६ मार्च २०२२ ला पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झालं आणि आठवडाभरात सभागृहच संपलं. पुढे झाडं तोडण्याच्या विरोधात माणसं रस्त्यावर उतरली, पण मुख्य सभेत त्यावर एक शब्द झाला नाही, कारण मुख्य सभाच नव्हती. प्रकल्प कोणाला चांगला वाटो, कोणाला वाईट, सभागृहात भांडण तरी व्हायला हवं होतं की नाही?

हे सगळं मोहोळांच्या हातात नव्हतं, हे मला कळतं. आपल्याकडे महापौराला अडीच वर्षं आणि मान मिळतो, खरी सत्ता आयुक्ताकडे. ओबीसी आरक्षणाचं प्रकरण न्यायालयात गेलं आणि निवडणूक अडकली. प्रभागरचना महाविकास आघाडी सरकारने बदलली आणि शिंदे सरकारने पुन्हा फिरवली. माणूसही वाईट नाही. कोविडमध्ये ते फिरत होते, जुलै २०२० मध्ये स्वतः पॉझिटिव्ह आले, बरे होऊन पुन्हा कामाला लागले. महापालिकेच्या मेडिकल कॉलेजसाठी त्यांनी धडपड केली. मावशी तर म्हणते, "मी त्यालाच देणार, आपल्यातला आहे." तिच्याशी मी वाद घातला नाही.

पण म्हणूनच जास्त राग येतो हो! मुठ्यातून आलेला, घरात राजकारण नसलेला पोरगा दिल्लीच्या दारापर्यंत पोचतो, तो नगरसेवकपदाच्या पायरीवरूनच ना? समोरचे उमेदवार, काँग्रेसचे रवींद्र धंगेकर त्याच पायरीवरून आले, वंचितचे वसंत मोरेही तिथूनच. तिघांनाही महापालिकेने घडवलं. आणि ती पायरीच दोन वर्षं बंद आहे. आज पत्रक वाटणाऱ्या त्या पोरांनी उभं राहायचं कुठे? मेट्रो, विमानतळ, रिंगरोड यांवर सगळे बोलतात. ते बोलाच. ७४ वी घटनादुरुस्ती म्हणते की मुदत संपायच्या आत निवडणूक झाली पाहिजे. ती पुण्यात पाळली गेली नाही, यावर लोकसभेत उभं राहून बोलणार का, तेवढं सांगा. केंद्रात आणि राज्यात सत्ता तुमची आहे, म्हणून मोहोळसाहेब, आधी तुम्हाला विचारतेय.

उद्या संध्याकाळी सात वाजता आमच्या चौकात त्यांची कोपरा सभा आहे. मी जाणार, मावशीही येतेय. पुढच्या आठवड्यात बाकी दोघांच्या सभांनाही जाऊ आणि हाच प्रश्न विचारू. १३ मेच्या मतदानाच्या आत तिघांचं उत्तर हवंय. सहकारनगर, पर्वती, बिबवेवाडीतलं कोण कोण येतंय, खाली लिहा.