आडवा पास

गेल्या महिन्यात शाळेच्या ग्रुपवर कोल्हापूरच्या हद्दवाढीवरनं पुन्हा जुंपली. सकाळी इथं जर्मनीत, स्टुटगार्टच्या एस-बानमध्ये, म्हणजे लोकलमध्ये, उभ्याउभ्या मीही चार ओळी टाकल्या. महापालिका १९७२ ला झाली, पन्नास वर्षांत हद्द हलली नाही, शहर गुदमरलंय, शेजारच्या गावांनी आता तरी हट्ट सोडावा, असं काहीतरी. माझं स्टेशन यायच्या आत शिवाजी पेठेतल्या मित्राचं उत्तर हजर. "भावा, तिकडं बसून आडवे पास देऊ नकोस. गाव सोडलेल्यानं गावाला शिकवायचं नसतंय. तुझ्या त्या क्रोसगत झालंय तुझं."

टोनी क्रोसला, जर्मनीच्या मधल्या फळीतल्या फुटबॉलपटूला, ग्रुपात मीच आणला होता. २०२४ च्या उन्हाळ्यात इथं युरो, म्हणजे युरोपातल्या देशांची फुटबॉल स्पर्धा, झाली तेव्हा महिनाभर मी दुसरं काही लिहीत नव्हतो. स्कॉटलंडविरुद्धच्या पहिल्या सामन्यात त्यानं १०२ पास दिले आणि त्यातला एकच चुकला, हे मी इतक्यांदा सांगितलं की कुणीतरी ॲडमिनकडं तक्रार केली. आमचा ग्रुप म्हणजे अर्धा पाटाकडीलचा, अर्धा खंडोबाचा, कोल्हापूरच्या फुटबॉलमधल्या दोन तालमींचा. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर वाढलेली ही माणसं. तिथं मधल्या फळीतल्या पोरानं बॉल बाजूला सरकवला की वरनं ओरडा होतो, "अरं मार की फुडं!" पन्नास मीटर लांब हाणलेला बॉल थेट गोलीच्या हातात गेला तरी चालेल, पण आडवा पास म्हणजे घाबरटपणा. मीही ओरडलोय तसं.

जर्मनांनीही त्याला तेच नाव ठेवलं होतं. क्वेअरपास-टोनी, म्हणजे आडव्या पासचा टोनी. ज्या माणसानं युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, चॅम्पियन्स लीग, सहा वेळा जिंकली, एकदा बायर्नकडनं आणि पाचदा रेआल माद्रिदकडनं, त्याला. वर एक विश्वचषक. मला विचाराल तर आडवा पास ही फुटबॉलमधली सगळ्यात अवघड गोष्ट आहे. समोरचे दोघं तुमच्याकडं धावत येईपर्यंत बॉल पायाशी धरून थांबायचं आणि त्यांनी मोकळी सोडलेली जागा ज्याला दिसते त्याच्याकडं तो द्यायचा. गोल करतो तिसराच. पण हे पायरीवरनं दिसत नाही, त्याला मैदानापासनं जरा लांब आणि उंच बसावं लागतं. (हे वाक्यही मी ग्रुपवर टाकलं होतं. त्यावर फक्त हसण्याचे इमोजी आले.)

तर मुद्दा गाव सोडण्याचा. क्रोसचा जन्म जानेवारी १९९० चा, ग्राइफ्सवाल्डचा, म्हणजे पूर्व जर्मनीचा. तो नऊ महिन्यांचा होईतो तो देशच नकाशावरनं गेला. २०१४ च्या जगज्जेत्या संघात तिथं जन्मलेला हा एकटाच. ब्राझीलला ब्राझीलमध्ये ७-१ हरवलं त्या सामन्यात त्यानं दोन मिनिटांच्या आत दोन गोल मारले. बायर्नशी पगारावरनं आधीच फाटलं होतं. विश्वचषकाची फायनल होऊन आठवडाही झाला नाही तोवर तो माद्रिदला गेला, आणि दहा वर्षं तिथंच राहिला.

तिथं तो राजा झाला आणि इथं परका. २०१८ च्या विश्वचषकात सोचीला स्वीडनविरुद्ध त्याच्याच चुकलेल्या पासवर गोल बसला, मग ९५ व्या मिनिटाला त्याच्याच फ्री-किकनं सामना जिंकला. त्यानंतर तो काय म्हणाला? आम्ही बाहेर पडलो असतो तर जर्मनीत बऱ्याच जणांना आनंद झाला असता असं वाटतंय. २०२१ ला त्यानं देशाकडनं खेळणं थांबवलं तेव्हा बायर्नच्या माजी अध्यक्षानं, उली होएनेसनं, निरोपाऐवजी ठेवून दिली, की हे असलं आडवं-आडवं खेळणाऱ्याला आजच्या फुटबॉलमध्ये जागाच नाही. २०२२ ला पॅरिसमध्ये चॅम्पियन्स लीग जिंकून तो मैदानावर उभा असताना जर्मन टीव्हीच्या पत्रकारानं दोन वाकडे प्रश्न विचारले. क्रोस तडकला. तुम्ही जर्मनीहून आलाय हे लगेच कळतं, असं काहीसं म्हणून मुलाखत अर्धी सोडून निघून गेला.

जर्मन माणूस जर्मन माणसाला हे म्हणतो! मी तो व्हिडिओ किती वेळा पाहिला असेल. सुट्टीला कोल्हापुरात गेल्यावर बँकेच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत, रिक्षात, हेच वाक्य माझ्या जिभेवर येऊन परत जातं.

आणि तरी तो परत आला. २०२४ च्या मार्चमध्ये, लिऑनला, फ्रान्सविरुद्ध. मध्यावरनं बॉल सुरू झाला, क्रोसनं तो पुढं विर्ट्झला दिला, त्यानं लांबनं हाणला, गोल. सात सेकंद! आडवा पास म्हणे. मी मित्राला तेव्हाच लिहिलं होतं, की गेलेला माणूस परत येतो तो असा. त्याचं उत्तर होतं, "तू कवा येणार?"

पाच जुलैला आमच्याच गल्लीच्या पलीकडं, बाड कानस्टाटच्या स्टेडियमात, स्पेनविरुद्ध त्याचा शेवटचा सामना झाला. तिकीट मिळालं नाही. खिडकी उघडी ठेवून टीव्ही पाहत होतो, तर ओरडा खिडकीतनं आधी येई आणि टीव्हीवर गोल नंतर. ११९ व्या मिनिटाला खिडकीतनं जो आवाज आला तो आपल्यांचा नव्हता, आणि पडद्यावर तर बॉल अजून बाजूलाच होता. स्पेनच्या मेरिनोचं हेडर मी काय होणार ते माहीत असून बघितलं. "आपल्यांचा" असं आत्ता लिहून गेलो. असो.

त्या सामन्यात सुरुवातीलाच क्रोसनं स्पेनच्या पेद्रीला असं तुडवलं की तो पोरगा आठव्या मिनिटाला बाहेर गेला. साधं पिवळं कार्डसुद्धा दाखवलं नाही. पेद्रीच्या जागी आलेल्या ओल्मोनंच पहिला गोल केला. ग्रुपवर मी, बॉल स्पेनवाल्याच्या हाताला लागूनही न दिलेल्या पेनल्टीवर तीन परिच्छेद लिहिले. पेद्रीबद्दल एक अक्षर नाही.

दुसरीही एक गोष्ट मी ग्रुपवर घातली नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत क्रोसची एका पॉडकास्टवरची मुलाखत आली. तो म्हणाला, जर्मनी चांगला देश आहे, पण दहा वर्षांपूर्वी आम्ही सोडला तो आता राहिलेला नाही. पोरगी मोठी झाल्यावर रात्री अकराला बाहेर गेली तर स्पेनमध्ये मी कदाचित जास्त निर्धास्त असेन. बाहेरनं लोक येतात, त्यांचं स्वागत व्हावं हे छानच, पण जरा जास्तच बेबंद झालं, असाही सूर होता. इथं गदारोळ झाला. माद्रिदच्या बंगल्यात बसून आम्हाला काय शिकवतोस, असं लोक म्हणाले. अगदी शिवाजी पेठेतलं वाक्य.

मला त्याची बाजू घ्यायला हवी होती. पण तो ज्या उन्हाळ्यात हा देश सोडून गेला, त्याच उन्हाळ्यात मी दोन बॅगा आणि प्रेशर कुकर घेऊन इथं उतरलो. तो ज्या जर्मनीची आठवण काढत होता ती मी पाहिलेलीच नाही. मी येईपर्यंत ती संपली असणार. कदाचित मी आलो म्हणूनच. कँटीनमध्ये जेवताना शेजारचा सहकारी म्हणाला, क्रोस खरं तेच बोलला. मग माझ्या ताटाकडं बघून म्हणाला, "तुझ्याबद्दल नाही हं." मी स्पेट्झ्ले खात राहिलो. मनात मात्र क्रोसला म्हणालो, बाबा, तू गेलायस ना, मग गप्प बस की.

हे मित्राला कसं सांगणार? त्याला मी दुसरंच सांगितलं. आमचं कानस्टाट १९०५ ला स्टुटगार्टात विलीन झालं, आज ना कुणाची भाषा गेली, ना जत्रा. पाचगाव, उचगाव, कळंब्यालाही काही होणार नाही. बिनतोड वाटलं होतं. त्याच शनिवारी केअरवोखं, म्हणजे इमारतीचा जिना साफ करायची पाळी, आमचं होतं. जिना पुसत होतो, तर समोरच्या आजी छत्री घेऊन निघाल्या. कुठं निघालात विचारलं. म्हणाल्या, "जरा स्टुटगार्टला जाऊन येते." नेकर नदीच्या पुलापलीकडं.

आता राहिलेलं सांगून टाकतो. मी एक प्लॉट घेतलाय, पाचगावात, हद्दीबाहेर. ग्रामपंचायतीचा फाळा कमी म्हणून. पासपोर्ट बदलल्यापासनं तिकडं मला मतही नाही. गावांनी आत यावं म्हणून मी जे लिहितो त्यातनं माझा प्लॉट वगळलेला असतो, आणि हे ग्रुपात एकाच माणसाला माहीत आहे. दरवर्षी माझा फाळा तोच भरतो. त्यानं हे ग्रुपवर कधी काढलं नाही. काढलं असतं तर मी त्या दिवशीच आडवा झालो असतो.

परवा त्याचा वेगळा मेसेज आला. पावतीचा फोटो, कोपऱ्यावर त्याचा अंगठा. खाली लिहिलेलं, "भरलाय. पैशाचं बघू आलास की. कुंपणाची तार तुटलीया एका बाजूनं, म्हसरं शिरत्यात. नवी मारू काय?"

मी लिहिलं, मार.