युरॉनिमसला माणूस केलं ते बरंच झालं

वरच्या लेखात म्हटलंय की 'लॉर्ड्स ऑफ केऑस' या पिक्चरच्या पटकथेने मेहेम या नॉर्वेच्या ब्लॅक मेटल बँडच्या गिटारिस्टला, युरॉनिमसला, फारच मवाळ करून टाकलं. मला नाही पटत. अहो १९९३ ला ऑस्लोत त्याचा खून झाला तेव्हा तो पोरगा २५ वर्षांचा होता, रेकॉर्डचं दुकान, स्वतःचं लेबल आणि तोंडात कायम सैतान, त्यातलं खरं किती आणि मार्केटिंग किती हाच तर सगळा घोळ, आणि पटकथेने त्यालाच निवेदक केलंय, मेल्यावर पण गडी बोलतोच आहे, मला तर जाम आवडलं हे. दिग्दर्शक ओकरलुंडचं करिअर पण बघा ना, सुरुवातीला बाथरी या स्वीडिश मेटल बँडमध्ये ड्रम वाजवले, मग मॅडोनाचे वगैरे व्हिडिओ केले, म्हणजे हा माणूस आतला पण आणि बाहेरचा पण, शिवाय पटकथेला जोडीला डेनिस मॅग्नुसन, तो मूळचा नाटकवाला.

माझी तक्रार डेडबद्दल आहे, म्हणजे मेहेमचा गायक. कपड्यांना मातीचा कुजका वास यावा म्हणून शोच्या आधी ते जमिनीत पुरून ठेवणारा पोरगा, आजारी होता हो तो, १९९१ मध्ये २२ व्या वर्षी गेला, आणि सोबतच्यांनी त्या मरणाचीपण जाहिरात केली. यावरच अख्खा पिक्चर झाला असता, इथे त्याला लवकर आटपलाय. आणि नॉर्वेतली पोरं अमेरिकन इंग्लिश झाडतात ते कानाला खुपतंच.

बाकी युरॉनिमसला मारणाऱ्या विकर्नेसला बावळट दाखवला म्हणून वर कमेंटमध्ये जे चिडलेत त्यांना एवढंच विचारतो, २१ वर्षांची शिक्षा झालेल्या खुन्याला काय हिरो दाखवायचा होता का?