चांगला फोटो? तो कशाला हवा!

फोटोवरून कुणाचं तरी पोर्ट्रेट काढून घ्यायचं ठरवलंत, अभिनंदन. आता चांगला फोटो शोधत बसू नका. चांगल्या फोटोवरून कुणीही काढेल. मग चित्रकाराला पैसे कशाचे देताय?

निवड करायची ती एखाद्या समारंभातल्या ग्रुप फोटोची. मागच्या रांगेत, कुणाच्या तरी खांद्याआड अर्धे झाकलेले काका सापडले की बोटांनी ताणून मोठे करा, स्क्रीनशॉट घ्या आणि ओळख पटावी म्हणून लाल गोल काढा. गोल कपाळावरूनच गेला पाहिजे. चेहरा जेमतेम शंभर पिक्सेल रुंद भरला तरी चित्र आठ बाय दहा इंचांचंच सांगा. तेवढा फोटो 300 डीपीआयने, म्हणजे इंचाला 300 ठिपक्यांनी, नीट छापायला 2400 बाय 3000 पिक्सेल लागतात, असं चित्रकार सांगू लागला तर म्हणा, ‘‘अहो, तुम्हाला छापायचं कुठंय, काढायचंय ना!’’

व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलेला फोटो जसाच्या तसा पोचतो. म्हणून तसा मुळीच पाठवू नका. आधी मावशीला, मावशीकडून भाच्याला, भाच्याकडून परत तुम्हाला असा सेव्ह करत, पुन्हा पाठवत फिरवा. फोटोची जेपीईजी फाइल दरवेळी नव्याने दाबली की थोडा तपशील गळतो. पापण्या तर पहिल्याच मुक्कामाला उतरतात.

खिडकीशी बसवून बाजूच्या उजेडात फोटो काढला तर नाकाला, गालाला सावली मिळते, चेहऱ्याला गोलाई येते. हा मोह टाळा. समोरून फ्लॅश मारा, चेहरा कसा सपाट होतो बघा. सेल्फी असेल तर उत्तमच. फोन जवळ धरला की नाक पुढे येतं, कान मागे पळतात. दीड-दोन मीटरवरून दुसऱ्या कुणी काढला तर नाक आपल्या जागी जातं, पण मग नाकावरून भांडायचं कसं? वर फिल्टर लावा. तीळ गेला, डोळ्यांजवळच्या सुरकुत्या गेल्या, की मेसेज करा : ‘‘हुबेहूब हवं.’’

कुत्रा काळा असेल तर काळ्या सोफ्यावर, रात्री. बाकी चित्रकार सांभाळेल.

आजोबांचं चित्र मात्र मन लावून करून घ्या. भिंतीवरची फ्रेम खाली उतरवू नका, काच काढू नका, स्कॅन वगैरे तर नकोच. उभ्यानेच फोटो काढा, म्हणजे आजोबांच्या छातीवर तुमचा फोनही येईल. मग दुसऱ्या फोटोतला कोट पाठवा. चेहऱ्यावर उजेड डावीकडून, कोटावर उजवीकडून. तिसऱ्यातून आजी आणून शेजारी बसवायला सांगा. वर म्हणा, ‘‘चष्मा उतरवा, केस थोडे घाला, आणि हो, हसवा. दात कसे होते ते आम्हालाही आठवत नाही, पण तुम्ही कलाकार आहात.’’

चित्र आलं की आजोबांना लहानपणी एकदाच पाहिलेल्या नातेवाइकाचं मत आधी घ्या. तेच चित्रकाराला कळवा : ‘‘सगळं छान आहे, पण हे ते वाटत नाहीत.’’ नेमकं काय चुकलं असं त्याने विचारलं तर ‘‘डोळे’’ म्हणा. मग तो बिचारा दुसरा फोटो मागेल. तेव्हा कपाटातला तो काढा, समोरून घेतलेला, दिवसाउजेडी, एकेक सुरकुती दिसणारा. पाठवा आणि खाली लिहा, ‘‘हा होता आधीपासून, पण म्हटलं यात ते फारच त्यांच्यासारखे दिसतात.’’