जन्मठेप चौदा वर्षांची नसते: एका फिरत्या संदेशाला उत्तर

गाजलेल्या खटल्यातला कुणी दोषी तुरुंगातून बाहेर आल्याची बातमी आली की व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश पुन्हा फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच राहतो: ‘जन्मठेप म्हणजे फक्त चौदा वर्षे. त्यातही दिवस आणि रात्र वेगळे मोजतात, म्हणजे खरी सातच. तुरुंगात साळसूद वागले की माफी मिळते. खुनी तो कायमचा खुनी, बाहेर आला की पुन्हा तेच करणार. ज्यांचे माणूस गेले त्यांना कुणी विचारतसुद्धा नाही. म्हणून अशा कैद्याला कधीही सोडू नये.’

या संदेशामागचा संताप खरा आहे. पण त्यातली बरीच माहिती चुकीची आहे, आणि तिच्यावरून काढलेला निष्कर्ष टिकत नाही. त्यातला एक मुद्दा मात्र पूर्ण खरा आहे, आणि नेमका तोच सगळ्यात कमी चर्चिला जातो.

‘जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे, दिवस-रात्र धरून सात’

दिवस आणि रात्र वेगळे मोजण्याचा कोणताही नियम भारतात नाही. तुरुंगातला एक दिवस चोवीस तासांचाच असतो.

जन्मठेप म्हणजे उरलेले संपूर्ण आयुष्य. सर्वोच्च न्यायालयाने हे १९६१ साली स्पष्ट केले, आणि तो खटला महाराष्ट्रातलाच होता. गांधीहत्येच्या कटात जन्मठेप झालेल्या गोपाळ गोडसे यांचा दावा होता की मिळालेली माफी (वागणूक आणि काम पाहून शिक्षेतून वजा होणारे दिवस) धरून आपली वीस वर्षे भरली, तेव्हा आपल्याला सोडा. न्यायालयाने तो फेटाळला. माफीचे दिवस कितीही साठले तरी जन्मठेपेच्या कैद्याला सुटकेचा आपोआप हक्क मिळत नाही, शिक्षा कमी करायची की नाही हे सरकारने ठरवायचे, असा त्या निकालाचा अर्थ. तो आजही कायम आहे.

मग वीस आणि चौदा हे आकडे आले कुठून? भारतीय दंड संहितेच्या कलम ५७ मध्ये जन्मठेप ‘वीस वर्षांइतकी’ धरावी असे होते. नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६ मध्येही ते आहे. पण ते फक्त अपूर्णांक काढण्यासाठी. एखाद्या गुन्ह्याच्या प्रयत्नाला मूळ शिक्षेच्या निम्मी शिक्षा द्यायची असेल, तर जन्मठेपेचे निम्मे किती? त्यासाठी कुठला तरी आकडा हवा, म्हणून वीस.

चौदाचा उगम १९७८ चा. त्या वर्षी फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४३३-अ आले (आता नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७५). ज्या गुन्ह्याला फाशी ही एक शिक्षा आहे त्यासाठी जन्मठेप झाली असेल, किंवा सरकारने फाशी कमी करून जन्मठेप केली असेल, तर प्रत्यक्ष चौदा वर्षे तुरुंगात काढल्याशिवाय सोडता येणार नाही, असे ते कलम सांगते. म्हणजे चौदा ही सुटकेची तारीख नव्हे. त्याआधी सरकारला या कायद्याखाली सोडताच येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. कायदा कैद्यांना लवकर सोडण्यासाठी नव्हे, लवकर सोडण्याला आळा घालण्यासाठी केला होता. संदेशाने तो नेमका उलटा वाचला.

ही चौदा वर्षे माफी वगळून मोजतात. खटला चालू असताना कच्च्या कैदेत काढलेला काळ त्यात धरतात. गोव्यातल्या कैद्यांच्या एका प्रकरणात जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असेही ठरवले की पॅरोलवर, म्हणजे एखाद्या तातडीच्या कारणासाठी मिळणाऱ्या तात्पुरत्या रजेवर, बाहेर काढलेले दिवस प्रत्यक्ष कैदेत धरायचे नाहीत.

चौदा भरली तरी महाराष्ट्रात लगेच फाईल मंजूर होत नाही. राज्याची मार्गदर्शक तत्त्वे आहेत, १९९२ ची आणि नंतर २०१० ची. त्यात गुन्ह्याची वर्गवारी केली आहे: रागाच्या भरातला खून, पूर्वनियोजित खून, स्त्रिया-मुलांवरचा गुन्हा, टोळीने केलेला, विकृत क्रौर्याचा. प्रत्येक वर्गाला वर्षांचा वेगळा आकडा, आणि गंभीर वर्गांत तो माफीसह पंचवीसच्या पुढे जातो. समजा एखाद्याचा वर्ग माफीसह २६ वर्षांचा ठरला आणि त्याने पाच वर्षांची माफी कमावली, तर त्याला प्रत्यक्षात २१ वर्षे काढावी लागतात. कोणते धोरण लावायचे? सर्वसाधारण नियम असा की शिक्षा झाली त्या दिवशी लागू असलेले, आणि नंतरचे कैद्याला अधिक सोयीचे असेल तर ते.

कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोघी बहिणी १९९६ पासून तुरुंगात होत्या. दयेचा अर्ज निकाली निघायला अवाजवी उशीर झाला, म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये त्यांची फाशी जन्मठेपेत बदलली. पंचवीस वर्षे झाली म्हणून थेट सोडा, ही त्यांची मागणी मात्र मान्य झाली नाही.

‘साळसूद वागले की माफी’

तुरुंगातल्या माफीचे दिवस वागणूक आणि काम यांवर मिळतात हे खरे. पण जन्मठेपेच्या कैद्याची मुदतपूर्व सुटका एवढ्यावर होत नाही, आणि होऊही नये.

फाईल अशी फिरते. कारागृह अधीक्षक प्रस्ताव तयार करतात. त्यात सत्र न्यायालयाचा निकाल, अपिलाचा निकाल, कच्च्या कैदेचा दाखला, तुरुंगात झालेल्या शिक्षांची नोंद, फर्लो (कैद्याला ठरावीक काळाने मिळणारी रजा) आणि पॅरोलचा इतिहास आणि वैद्यकीय अहवाल असतो. गावच्या परिस्थितीबद्दल पोलिसांचा आणि जिल्हा प्रशासनाचा अहवाल मागवतात. ज्या न्यायालयाने शिक्षा दिली तिथल्या न्यायाधीशांचे मत घेतात. मग फाईल पुण्याच्या कारागृह मुख्यालयातून मंत्रालयातल्या गृह विभागाकडे जाते. तपास सीबीआयचा असेल तर केंद्र सरकारची संमतीही लागते.

ठरवताना काय बघायचे हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली लक्ष्मण नस्कर प्रकरणात सांगितले आहे. गुन्हा व्यक्तिगत होता की समाजाला हादरवणारा? पुन्हा घडण्याची शक्यता किती? कैद्याची गुन्हा करण्याची क्षमता उरली आहे का? त्याला आणखी आत ठेवून काही साधते का? आणि त्याच्या कुटुंबाची स्थिती काय?

यंत्रणा चुकते ती इथे. पोलिसांचा अहवाल बहुतेकदा छापील वाटावा असा असतो: ‘सुटका झाल्यास कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न उद्भवू शकतो.’ कुणाकडून धोका, कुणाला धोका, फिर्यादीचे कुटुंब अजून त्याच गावात आहे का, काही नाही. शिक्षा देणारे न्यायाधीश केव्हाच निवृत्त झालेले असतात. त्यांच्या जागी आलेले न्यायाधीश खटल्याचे कागद न बघता एका ओळीत मत देतात. कधी वर्ग चुकीचा लागतो, कधी कच्च्या कैदेचे दिवस धरायचे राहतात, आणि फाईल दोन वर्षांनी परत येते. छत्तीसगडच्या एका प्रकरणात २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे कारणाविना दिलेले मत परत पाठवले. न्यायाधीशांनी ते पाचही निकष तपासून कारणे लिहिली पाहिजेत, असे बजावले.

तुरुंगातल्या वागणुकीबद्दल आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण ती कैद्यांची बाजू घेणारेही टाळतात. बायकोचा खून करणारा माणूस तुरुंगात वीस वर्षे शांत राहिला तर त्यावरून फार काही कळत नाही. ज्या नात्यात त्याने हिंसा केली ते नाते तिथे नव्हतेच. जमिनीच्या बांधावरून भावाला मारणाऱ्याचेही तसेच. खरी परीक्षा फर्लोवर गावी गेल्यावर होते. तो वेळेवर परतला का, वाद उकरून काढला का, दारू प्यायला का, ज्यांच्याशी वैर होते त्यांच्या वाटेला गेला का? उशिरा परतणाऱ्याची माफी कापली जाते, आणि पळून गेला तर वेगळा गुन्हा दाखल होतो. सुटकेच्या प्रस्तावात फर्लोचा हा इतिहास सगळ्यात वजनदार पुरावा असायला हवा. प्रत्यक्षात त्याला तारखांच्या तक्त्यापलीकडे जागा नसते.

पुढची पायरी खुले कारागृह. येरवडा आणि पैठणला अशी कारागृहे आहेत. औंध संस्थानाने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले, तिथे कैदी कुटुंबासह राहून शेती करतात. कुलपाशिवाय काढलेली वर्षे बंद बराकीतल्या वर्षांपेक्षा त्या माणसाबद्दल कितीतरी जास्त सांगतात.

‘खुनी तो कायमचा खुनी’

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ मध्ये देशात खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले. त्यांतले ९,९६२ वादातून झाले: जमीन, घर, पाणी, पैसा, कुटुंब. वैयक्तिक वैरातून ३,७६१, तर लाभासाठी १,८८४. म्हणजे सराईत मारेकरी हा खुनाच्या गुन्ह्यातला नेहमीचा माणूस नाही. बहुतेक खुनी आयुष्यात एकदाच, ओळखीच्या माणसाचा, एका विशिष्ट भांडणात खून करतात. यामुळे गुन्हा लहान ठरत नाही. पण ‘पुन्हा करणार’ या भाकिताचा पाया ढासळतो.

वयाचाही परिणाम होतो. हिंसक गुन्ह्यांचे प्रमाण तरुणपणी सर्वाधिक असते आणि चाळिशीनंतर झपाट्याने घटते. अनेक देशांत हे पुन्हा पुन्हा दिसले आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९९५ पासून पॅरोलवर (तिथे पॅरोल म्हणजे रजा नव्हे, सशर्त सुटका) सुटलेल्या ८६० खुन्यांचा मागोवा स्टॅनफर्ड विद्यापीठाने घेतला. २०११ च्या त्या अहवालानुसार नव्या गंभीर गुन्ह्यासाठी परत तुरुंगात गेले पाच जण, आणि त्यांतल्या कुणाचाही गुन्हा पुन्हा जन्मठेपेच्या तोडीचा नव्हता. हे लोक पॅरोल मंडळाने गाळून निवडलेले होते, हे विसरता कामा नये. म्हणजे हा आकडा ‘सगळ्यांना सोडा’ असे सांगत नाही. चाळणी नीट असेल तर ती काम करते, हे तो सांगतो.

आणि सुटला म्हणजे शिक्षा संपली असेही नाही. सुटकेसाठी सरकारने दिलेली शिक्षामाफी सशर्त असते. अट मोडली तर सरकार ती रद्द करू शकते, पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात आणि उरलेली शिक्षा भोगावी लागते. फक्त कुणीतरी तक्रार नोंदवली एवढ्यावर माफी रद्द करता येत नाही, आधी नोटीस देऊन म्हणणे ऐकावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितले. ते योग्यच आहे. नाहीतर गावातला प्रत्येक जुना वैरी पोलीस ठाण्यात एक अर्ज देऊन त्याला परत आत पाठवेल.

‘म्हणून कधीच सोडू नये’

काही जणांना कधीच सोडू नये, हे आम्हालाही मान्य आहे. त्याची सोय कायद्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या स्वामी श्रद्धानंद निकालापासून फाशी आणि साधी जन्मठेप यांच्यामध्ये एक शिक्षा तयार झाली: वीस, पंचवीस, तीस वर्षे किंवा मरेपर्यंत, माफीशिवाय. घटनापीठाने २०१५ मध्ये तिला मान्यता दिली आणि ती देण्याचा अधिकार फक्त उच्च व सर्वोच्च न्यायालयाकडे ठेवला. मुंबईतल्या शक्ती मिल सामूहिक बलात्कार प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये तिघांची फाशी कमी केली. पण मरेपर्यंत कैद दिली, आणि फर्लो-पॅरोलही नाकारला.

ज्याला ही शिक्षा झालेली नाही त्यालाही सरसकट तशीच वागणूक द्या, असे संदेश म्हणतो. तसे केले तर पंचवीस वर्षांच्या तरुणाला पहिल्याच दिवशी कळते की तो कसाही वागला तरी फरक पडणार नाही. माफी कापण्याची भीती नाही, फर्लोची आस नाही, खुल्या कारागृहाची वाट नाही. अशा माणसाला ताब्यात ठेवायला बराकीतल्या शिपायाच्या हातात काठीशिवाय काय उरते?

‘पीडितांना कुणी विचारत नाही’

हा मुद्दा खरा आहे. कायद्यात न्यायाधीशांचे मत घ्यायला सांगितले आहे. पीडिताचे म्हणणे ऐकण्याची तशी स्पष्ट तरतूद नाही.

२००२ च्या गुजरात दंगलीतल्या सामूहिक बलात्कार आणि खुनांच्या बिल्किस बानो प्रकरणात हे सगळ्या देशाने पाहिले. गुजरात सरकारने १५ ऑगस्ट २०२२ रोजी अकरा दोषींना सोडले. आपल्या सुरक्षिततेची चौकशी आधी कुणी केली नाही, असे बिल्किस यांनी जाहीर निवेदनात म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२४ ला ती सुटका रद्द केली. मुख्य कारण असे की खटला मुंबईत चालला होता, तेव्हा निर्णयाचा अधिकार महाराष्ट्र सरकारचा होता, गुजरातचा नव्हे. शिक्षा देणाऱ्या मुंबईच्या न्यायालयाचे मत प्रतिकूल होते, तेही बाजूला सारले गेले होते. अकराही जण पुन्हा तुरुंगात गेले. संदेश फिरवणारे हे प्रकरण ‘बघा, सगळेच सुटतात’ म्हणून देतात. चुकीची सुटका रद्द होऊ शकते, हे त्यातूनच दिसते. पण त्यासाठी पीडित स्त्रीला स्वतः दिल्लीपर्यंत जावे लागले, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

हे सुधारायला नवा कायदा येईपर्यंत थांबण्याची गरज नाही. प्रस्ताव तयार होताच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने पीडिताच्या कुटुंबाला लेखी कळवावे आणि तीस दिवसांत त्यांचे म्हणणे घ्यावे. ते फाईलला जोडावे. त्याला नकाराधिकाराचे बळ नसावे, पण आदेशात त्याला कारणांसह उत्तर द्यावेच लागेल असे असावे. कुटुंब त्याच तालुक्यात राहत असेल तर सुटकेच्या अटींत काही वर्षे तिथे न राहण्याची आणि कोणत्याही मार्गाने संपर्क न करण्याची अट घालावी. सुटकेची तारीख त्यांना वर्तमानपत्राआधी कळावी. आणि त्या पत्रावर पोलीस ठाण्यातल्या एका ठरावीक अधिकाऱ्याचे नाव व दूरध्वनी क्रमांक असावा, अट मोडली गेली तर कळवण्यासाठी.