सहा महिन्यांचं कलम आणि जखमींची बाजू

मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ मध्ये एक छोटंसं पोटकलम आहे, तिसरं. अपघातापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज केला नाही, तर नुकसानभरपाईचा दावा दाखल करून घेतला जाणार नाही, असं ते सांगतं. २०१९ च्या दुरुस्तीने ते आलं आणि १ एप्रिल २०२२ पासून लागू झालं. त्याविरुद्धच्या याचिका सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश दिला, की केवळ ही मुदत टळली म्हणून तूर्त कोणताही दावा फेटाळू नये. इंग्लंडमध्ये बसून ही बातमी वाचताना मला हायसं वाटलं आणि रागही आला. जे भांडण विधेयक चर्चेला असताना संसदेच्या दारात व्हायला हवं होतं, ते जखमी माणसांना कायदा झाल्यावर कोर्टाच्या पायऱ्या चढून लढावं लागतंय.

ही मुदत नवी नाही. १९८८ च्या मूळ कायद्यातही सहा महिनेच होते, पण कारण पटलं तर न्यायाधिकरण बारा महिन्यांपर्यंतचा अर्ज घेऊ शकत असे. १९९४ मध्ये संसदेने मुदतच काढून टाकली. पंचवीस वर्षांनी ती परत आली, आणि या वेळी उशीर माफ करण्याची ती तरतूदही सोबत आली नाही.

मोठा अपघात झालेल्या घरात पहिले सहा महिने कसे जातात, हे ज्याने पाहिलंय त्याला या कलमातली निष्ठुरता वेगळी सांगावी लागत नाही. माझ्या मावसभावाच्या मांडीत रॉड घातला, जखम चिघळली, पुन्हा शस्त्रक्रिया झाली. वहिनी दवाखाना आणि सोसायटीचं कर्ज यांतच अडकलेली. एफआयआरची प्रत, पंचनामा, गाडीच्या विम्याचा तपशील हे गोळा करायला घरात मोकळं माणूसच नव्हतं. अपंगत्वाचा दाखलाही उपचार पुरते झाल्यावरच मिळतो. वकिलाकडे जायचं सुचलं तेव्हा सहा महिने उलटून गेले होते.

मुदतीच्या बाजूने बोलणारे दोन मुद्दे मांडतात. पहिला बनावट दाव्यांचा. तो खरा आहे. उत्तर प्रदेशातल्या अशा दाव्यांची चौकशी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. पण खोटा दावा करणारी टोळी मुदत कधीच चुकवत नाही, कागद तयार ठेवणं हाच तिचा धंदा. मुदत चुकते ती खऱ्या जखमीची. दुसरा मुद्दा असा, की पोलिसांचा अपघात अहवालच आता अर्ज म्हणून धरला जातो, मग अडचण कसली? कागदावर हे बरोबर आहे. पण ठाण्यातून अहवाल वेळेत गेला नाही तर त्याचा भुर्दंड जखमीने का सोसायचा?

इंग्लंडमध्ये शारीरिक इजेच्या दाव्याला तीन वर्षं मिळतात. इजा कुणामुळे झाली हे उशिरा कळलं तर तेव्हापासून तीन वर्षं. लहान मुलाच्या बाबतीत मोजणी अठराव्या वाढदिवसापासून सुरू होते. शिवाय योग्य वाटल्यास मुदत बाजूला ठेवण्याचा अधिकार न्यायाधीशाला आहे. १९८० चा कायदा आहे हा. इथले राज्यकर्ते आपल्याकडच्यांहून कनवाळू आहेत, असं मला बिलकुल म्हणायचं नाही. इथेही विमा कंपन्या सरकारच्या कानाशी असतात आणि त्यांचं ऐकलं जातं.

२०१७ चं उदाहरण बोलकं आहे. मणका मोडलेल्या माणसाला पुढच्या आयुष्याची भरपाई एकरकमी मिळते. ती गुंतवून किती व्याज सुटेल, हे धरून रक्कम ठरते. तो दर २००१ पासून अडीच टक्के होता. व्याजदर कोसळले तरी तोच राहिला, म्हणजे जखमींना वर्षानुवर्षं कमी पैसे मिळत गेले. २०१७ मध्ये तो उणे पाऊण टक्क्यावर आणला गेला आणि विमा कंपन्यांनी रान उठवलं. त्यांचे प्रमुख थेट अर्थमंत्र्यांना भेटले. पुढच्याच वर्षी दर ठरवण्याची रीत बदलणारा कायदा मंजूर झाला, आणि २०१९ मध्ये दर उणे पाव टक्क्यावर आला. एवढ्याशा फरकाने अंथरुणाला खिळलेल्या तरुणाला रात्रीची मदतनीस परवडणार की नाही, हे ठरतं.

त्याच २०१८ च्या कायद्याने मानेला हिसका बसून होणाऱ्या दुखापतींचे दर बांधून टाकले. मे २०२१ मध्ये तीन महिन्यांपर्यंतच्या दुखण्याला २४० पौंड ठरले. सोबत नियम बदलून, रस्ते अपघातात इजेची किंमत ५००० पौंडांपर्यंत असेल तर वकिलाची फी समोरच्याकडून वसूल करता येणार नाही, असं केलं. आधी ही मर्यादा १००० होती. गाडीचा विमा वर्षाला सुमारे ३५ पौंडांनी स्वस्त होईल, हे त्यामागचं आश्वासन. जखमींच्या बाजूचे लोक ही लढाई बऱ्याच अंशी हरले. तरीही पादचारी, सायकलस्वार, दुचाकीस्वार आणि लहान मुलं यांना ५००० च्या मर्यादेतून वगळलं गेलं. सायकलस्वारांच्या संघटनांनी आणि जखमींच्या वकिलांच्या संघटनेने खासदारांना पत्रं लिहिली, समित्यांपुढे साक्षी दिल्या, म्हणून ते झालं. वकिलांचा यात स्वार्थ असतो, हे मान्य. पण जखमीची बाजू मांडायला जो येतो तो फीसाठी येतो, म्हणून ती बाजू खोटी ठरत नाही.

आपल्याकडे आवाज ऐकला जात नाही असंही नाही. जानेवारी २०२४ आठवा. नव्या न्याय संहितेत, धडक देऊन पळणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आली, ट्रकचालकांनी चाकं थांबवली, महाराष्ट्रात पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. केंद्रीय गृहसचिव वाहतूकदार संघटनेशी बोलले आणि चर्चेशिवाय हे कलम लागू करणार नाही, असं सांगितलं. जुलैत संहिता लागू झाली तेव्हा ते कलम बाजूलाच ठेवलं गेलं. जमावाच्या भीतीने चालक पळतो हे खरं आहे, त्यांचं म्हणणं ऐकलं गेलं हे योग्यच झालं. माझी तक्रार एवढीच, की त्या बैठकीत रस्त्यावर सोडून दिलेल्या माणसाच्या घरचं कुणी नव्हतं.

कारण साधं आहे. उद्या कुणाला धडक बसणार हे आज कुणालाच ठाऊक नसतं, त्यामुळे त्यांची संघटना आधी बनत नाही. अपघात झाल्यावर माणूस अंथरुणात असतो आणि बरा झाल्यावर त्याला ते सगळं विसरायचं असतं. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. एवढ्या घरांचा मिळून दिल्लीत एक प्रतिनिधी नाही.

आणि तरी प्रयत्न केला तर फरक पडतो. २०१६ च्या विधेयकात विमा कंपनीची जबाबदारी मृत्यूला १० लाख आणि गंभीर दुखापतीला ५ लाख इतकीच ठेवण्याचा प्रस्ताव होता. वरची रक्कम गाडीमालकाने द्यायची, म्हणजे बहुधा कुणीच नाही. विधेयक संसदीय समित्यांपुढे गेलं. राज्यसभेच्या प्रवर समितीचे अध्यक्ष तर आपले विनय सहस्रबुद्धे होते. अंतिम कायद्यात ती मर्यादा उरली नाही. सहा महिन्यांची अट मात्र तशीच पार झाली. तिच्यावर तेवढाच जोर लावला गेला असता तर ती टिकली असती असं मला वाटत नाही.

मी भारतीय पासपोर्टवर इथे राहतो. राष्ट्रकुलातल्या देशाचा रहिवासी नागरिक म्हणून मला इथे संसदेसाठी मत देता येतं, आणि माझ्या खासदाराला मी लिहिलं की उत्तर येतं. भारतात मत द्यायला मला मतदानकेंद्रावर जातीने हजर राहावं लागतं. त्यामुळे गावाकडच्या खासदाराच्या लेखी माझ्या पत्राला फारसं वजन नसणार, हे मी जाणतो. वजन आहे ते तिथे राहणाऱ्यांना. जिल्ह्याच्या बार असोसिएशनला, रोज हाडं जुळवणाऱ्या अस्थिरोग तज्ज्ञांना, ज्यांच्या घरात कुबड्या आल्या त्या कुटुंबांना. महाराष्ट्राचे लोकसभेत ४८ आणि राज्यसभेत १९ खासदार आहेत. त्यांच्याकडे मागायचं तेही मोजकं आहे: तिसरं पोटकलम रद्द करा, मुदत हवीच असेल तर तीन वर्षांची ठेवा, अल्पवयीनांसाठी ती सज्ञान झाल्यापासून मोजा आणि उशीर माफ करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला परत द्या. न्यायालयाचा अंतिम निकाल येईपर्यंत थांबायची गरज नाही, कारण निकाल जखमींच्या बाजूने लागला तरी पुढच्या एखाद्या दुरुस्तीत हीच अट पुन्हा घालता येते. १९९४ नंतर तसंच झालं होतं.