गाळण राहिलं

आमच्या चौकडीत सिगरेट न ओढणारा मी एकटाच. यात माझा मोठेपणा काही नाही. नववीत असताना शाळेमागच्या केळीच्या बागेत एक झुरका मारला, पाच मिनिटं खोकलो, डब्यात खाल्लेली शेवभाजी एका केळीच्या बुंध्याला अर्पण केली आणि माझ्या व्यसनी जीवनाची तिथेच सांगता झाली. त्यानंतरची तीस वर्षं मी जळगावच्या निरनिराळ्या टपऱ्यांवर बाकीच्या तिघांचे चहाचे ग्लास धरून उभा आहे. धूर नेमका माझ्याच तोंडावर येतो. वारा कुठलाही असो.

म्हणून मागच्या कार्तिकी एकादशीला नाना, आप्पा आणि बंडू या तिघांनी एकदम सिगरेट सोडायचं ठरवलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला. पुढे सगळ्यात जास्त हालही माझेच झाले.

मुळात घोळ मुहूर्तातच होता. आपल्याकडे 'सोडणं' हे मुदतीचं काम. आषाढीला वांगं सोडायचं आणि चंपाषष्ठीला भरीत करून पुन्हा धरायचं. नानाने असे पंचवीस-तीस चातुर्मास निष्ठेने पाळलेले. त्याने पहिल्याच दिवशी विचारलं, "सोडली भो. पण धरायची कधी?"

"धरायची नाहीच, नाना."

"म्हणजे कधीच नाही?"

एवढा पडलेला चेहरा मी त्याचा फक्त पोरीच्या लग्नात मंगल कार्यालयाचं भाडं ऐकताना पाहिला होता.

साक्षीदार, खजिनदार आणि धीर देणारा अशी तिन्ही पदं बिनविरोध माझ्याकडे आली. मेहरूण तलावाच्या काठावर तिघांनी आपापला ऐवज माझ्या हवाली केला: अडीच पाकिटं आणि तीन लायटर. "फेक तळ्यात," आप्पा म्हणाला. नाना म्हणाला, "मासोळ्यांनी काय पाप केलंय?" शेवटी मी ते सगळं स्कूटरच्या डिकीत टाकलं आणि विसरलो.

तिसऱ्या दिवशी बायको डिकीतून भाजीची पिशवी काढायला गेली.

"अहो, हे काय?"

"नानाचं आहे."

"आणि हे?"

"ते आप्पाचं."

"आणि लायटर तीन?"

आता तीन लायटर बाळगणारा माणूस निर्व्यसनी कसा असू शकतो, हे जगातल्या कुठल्याच बायकोला पटवता येणार नाही. आतून आईचा आवाज आला, "मी म्हणतच होते, हा सकाळी खोकतो." तीस वर्षांची कमाई तीन लायटरांत गेली. संध्याकाळी नानाला घरी बोलावून साक्ष काढली, तर तो म्हणाला, "वहिनी, माणूस चुकतो. समजून घ्या." वर डोळा मारला. सिगरेट सोडली तरी मूळ स्वभाव सुटत नाही.

आप्पाची गोष्ट वेगळी. त्याला सरकारी मदत हवी होती. २०१८च्या सप्टेंबरपासून आपल्याकडे पाकिटावर भीतीदायक चित्राबरोबर मदतीचा फोन नंबर छापतात, १८००-११-२३५६, आणि फोन फुकट लागतो. सोय चांगली आहे. फक्त तो नंबर पाकिटावर आहे. पाकीट फेकलं की नंबर गेला. म्हणून आप्पाने माझ्याकडून आपलं पाकीट परत नेलं. नंबरसाठी. पाकिटात चार सिगरेटी होत्या, त्याही नंबराबरोबर गेल्या. नंतर त्याने खरंच फोन लावला, पलीकडच्या बाईंनी फार समजुतीने घेतलं म्हणे, पण बोलताना हातात काय होतं ते त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

बंडू कधी पाकीट घेणाऱ्यातला नव्हताच. त्याचा कारभार सुट्यावर. महाराष्ट्रात सुटी सिगरेट-बिडी विकायला २०२० पासून बंदी आहे, पण ती बातमी त्याच्या टपरीपर्यंत अजून चालतच येत असावी. सुटी मिळते तोवर सुटत नाही, अशी बंडूची अवस्था. त्याच्यासाठी मी मेडिकलमधून दोन मिलिग्रॅमचं निकोटीनचं च्युइंगम आणलं. हे हळू चावायचं असतं. जिभेला झिणझिण्या आल्या की थांबायचं आणि गालात दाबून ठेवायचं.

"म्हणजे तंबाखूच की!" नाना म्हणाला.

बंडूने सूचना ऐकल्या नाहीत. भाच्यासाठी मुलगी बघायला अमळनेरला गेला आणि तिथे ते गम शेंगदाण्यासारखं कचाकचा चावलं. असं केलं की उचक्या लागतात. मुलीचे आजोबा कौतुकाने म्हणाले, "कोणीतरी फार आठवण काढतंय तुमची." कोण काढत होतं ते बंडूला चांगलं ठाऊक होतं.

माझं खरं काम मात्र नानावर होतं, कारण तो दिवसाला वीस ओढायचा. मी अभ्यास करून गेलो होतो. शेवटच्या सिगरेटीनंतर वीस मिनिटांतच नाडीचे ठोके उतरायला लागतात, हे वाचलेलं. घड्याळ लावून बसलो आणि एकविसाव्या मिनिटाला म्हणालो, "नाना, तुझी नाडी उतरली बघ."

"नाडी उतरली भो, पण डोकं चढलं त्याचं काय?"

बारा तासांनी सांगितलं, रक्तातला कार्बन मोनॉक्साइड आता जवळजवळ गेला. तो म्हणाला, "त्याचाच आधार होता मले." दुसऱ्या आठवड्यात खोकला वाढला. मी म्हटलं, हे चांगलं लक्षण आहे, छाती साफ होते आहे. तो म्हणाला, "ओढत होतो तव्हा खोकला नव्हता, सोडली तर खोकला. मग डॉक्टरले पैसे कशाचे देऊन राहिलो मी?" मग मी चहाकडे वळलो. सिगरेट सुटली की शरीर चहातलं कॅफीन पूर्वीइतक्या झपाट्याने संपवत नाही. तोच कप दुप्पट चढतो, झोप उडते, चिडचिड वाढते. म्हणून चहा अर्धा कर, एवढंच सुचवलं. त्यावर नानाने जे उत्तर दिलं त्यातला छापण्याजोगा भाग 'तू घरी जाय' एवढाच आहे.

शाबासकीने माणूस चिडतो, हे मला तेव्हा कळलं. "वा, चौथा दिवस!" म्हटलं की त्याला पहिले तीन आठवायचे. त्या चौथ्या दिवशी नानाच्या बायकोचाच फोन आला. आवाज दबका. "भाऊ, तुमच्याजवळ ते पाकीट आहे ना? एखादी देऊन टाका त्यांना. डाळीत मीठ कमी पडलं म्हणून सकाळपासून माझ्या माहेरचा इतिहास काढून बसलेत."

दिली नाही. त्याची शिक्षा म्हणून रात्री साडेअकराला फोन.

"भो, आली."

"कोण आली?"

"तलफ."

तलफ पाच-दहा मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ माणसाला दुसरीकडे गुंतवायचं, हे मीच त्याला सांगितलेलं. स्वतःच्या तोंडाने. आता रात्री साडेअकराला पन्नाशीच्या माणसाला पाच मिनिटं कशात गुंतवणार? पहिल्या रात्री कापसाचा भाव झाला. दुसऱ्या रात्री केळीचा. तिसऱ्या रात्री त्याच्या साडूची निंदा केली. ती सात मिनिटं चालली, पण दुसऱ्या दिवशी साडूच घरी आला आणि तो विषय बंद पडला.

पाचव्या रात्री माझ्याजवळ काहीच उरलं नव्हतं. नानाने नोकरीपायी जळगाव-चाळीसगाव अशी वीस वर्षं अपडाऊन केलेली. झोपेत मी म्हणालो, "डोळे मिट, गाडीत बसलोय असं समज. शिरसोली, म्हसावद, माहेजी, परधाडे, पाचोरा, नगरदेवळा..."

"गाळण राहिलं!"

"काय?"

"पाचोऱ्यानंतर गाळण, मग नगरदेवळा! वीस वर्षं काय डोळे मिटून गेलो मी?" मग कुठल्या साली कुठली पॅसेंजर कुठे रखडली, कजगावला भज्यांचा घाणा कोणाचा होता, वाघळीला कोण चढायचं, असं वीस मिनिटं चाललं. फोन ठेवताना त्याला तलफेची आठवणही नव्हती. गुरुकिल्ली सापडली. नानाला धीर द्यायचा नसतो, चूक सांगायची असते. पुढचा महिनाभर मी रोज रात्री ठरवून चुकलो. यावल तापीच्या अलीकडे आणलं. शेवभाजी मूळची पुण्याची म्हणालो. त्या रात्री तो पाऊण तास बोलला आणि सकाळी पुन्हा फोन करून उरलेलं बोलला.

चंपाषष्ठीनंतर आप्पाच्या शेतात भरीत पार्टी झाली. कपाशीच्या काड्या पेटवल्या, वर बामणोदची वांगी टाकली. धूर उठला तसे सगळे डोळे चोळत मागे सरले. नाना सरला नाही. उलट वाऱ्याची दिशा बघून नेमका धुराच्या तोंडाशी जाऊन बसला, डोळे मिटले आणि लांब श्वास घेतला. चेहऱ्यावर समाधी.

"नाना, हे चालणार नाही," मी म्हणालो.

"हा वांग्याचा आहे," तो डोळे न उघडता म्हणाला. "आणि वांगं मी आजच धरलंय."

यावर धर्मशास्त्रात उत्तर नव्हतं. बंडू गम गालात धरून, कळण्याच्या पुऱ्या दुसऱ्या गालाने खात होता. आप्पा पाण्याची मोटर बघून येतो म्हणून दोनदा विहिरीमागे गेला. मोटर बंदच होती. सिगरेट सोडली की भूक वाढते, वजन चढतं, ते तिघांचं थोडंफार चढलंच. साथ देता देता वेफर्स, शेंगा आणि भरीत-पुरी खाऊन माझं चार किलो चढलं. मी तर काही सोडलंही नव्हतं.

आता पाच महिने झाले. आप्पा पुतण्याच्या हळदीत पुन्हा सुरू झाला. त्याचं म्हणणं, सोडायचा अनुभव चौघांत त्यालाच जास्त, सहा वेळा सोडली आहे. बंडूचं गम दिवसाला दोनवर आलंय. नानाने मात्र हात लावलेला नाही आणि त्याचा रात्रीचा फोनही हळूहळू बंद झाला.

परवा रात्री साडेअकरा वाजले. मी कूस बदलली. पाणी प्यालो. पुन्हा कूस बदलली. बायको म्हणाली, "काय झालं?" म्हटलं, काही नाही. पावणेबाराला बाहेर ओट्यावर येऊन नंबर लावला.

"नाना, झोपला का रे? काही नाही, सहज. ते गाळण परधाडेच्या अलीकडे ना?"

पलीकडे क्षणभर शांतता. मग खाटेवर उठून बसल्याचा आवाज.

"अरे, किती वेळा सांगितलं तुले..."