लाइन नसते त्या गावात फ्रिज लावून काय होतं? ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली, काल पुन्हा वाचली आणि मग सासूबाईंना वाचून दाखवली. त्यांनी ऐकता ऐकताच तुमची बाजू घेतली. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. फ्रिजमधल्या वस्तू कशा लावल्या म्हणजे अन्न वाया जात नाही, यावर मी लिहिलं होतं. तुम्ही म्हणता, हे पुण्या-मुंबईच्या स्वयंपाकघराचं ज्ञान आहे. मूर्तिजापूरकडच्या तुमच्या गावात उन्हाळ्यात भरदुपारी चार-चार, सहा-सहा तास लाइन, म्हणजे वीज, नसते, तिथे कप्पे लावून काय उपयोग? दुसरं, गावात उरलेलं अन्न गाई-म्हशीच्या टोपल्यात जातं, तेव्हा माणशी वर्षाला ५५ किलो अन्न वाया जातं हा आकडा आम्हाला लावू नका. आणि तिसरं तुमच्याच शब्दांत: "आमच्या आजीकडे फ्रिज नव्हता अन् शिळंही नव्हतं. फ्रिज आला तेव्हापासून घरात शिळं राहायला लागलं."

तिसऱ्यापासून सुरुवात करते, कारण ते अगदी खरं आहे. आमचं घर दारव्हा तालुक्यातलं. फ्रिज येण्याआधी सासूबाई संध्याकाळी चूल पेटवायच्या आधी एकेकाला विचारायच्या, जेवायला कोण कोण आहे, वावरातून कोण उशिरा येणार आहे. मग मुठीनं तांदूळ काढायच्या. फ्रिज आला आणि हे विचारणंच बंद झालं. उरलं तर राहू दे, ठेवू फ्रिजमध्ये. ठेवलेलं दुसऱ्या दिवशी निघायचं नाही, कारण दुसऱ्या दिवशी त्याच्यापुढे नव्या अन्नाचा गंज (पातेलं) ठेवलेला असायचा.

एका बुधवारी बाजाराला निघायच्या आधी मी सगळा फ्रिज ओट्यावर काढला. मागच्या बाजूला तीन दिवसांची कढी. कॅरीबॅगमध्ये बांधलेली सांबाराची (कोथिंबिरीची) जुडी, काळी पडून पाणी सुटलेली. दोन अर्धे कांदे. खालच्या पेटीत सुरकुतलेली वांगी. आणि ताटली झाकलेल्या स्टीलच्या वाटीत सोलेभाजी, वर पांढरा तवंग आलेली. तुरीचे सोले काढायला किती वेळ लागतो हे तुम्हाला सांगायला नको. सासूबाई वाटीकडे बघत राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "तासभर सोलले व्हते वं मी. नखं दुखली माह्यी." मला त्या दिवशी पैशांपेक्षा त्या तासभराचं वाईट वाटलं, आणि अजूनही वाटतं.

ती भाजी खराब झाली ती दिसली नाही म्हणून. माझ्या लेखाचा सगळा जोर एवढ्यावरच होता, पण डबे-बरण्यांच्या वर्णनात तो हरवला हे मान्य करते. विकतचे डबे आणायची काही गरज नाही. डोळ्यांसमोर येतो तो कप्पा फक्त शिजलेल्या अन्नाचा ठेवायचा, आणि तिथे एकापुढे एक भांडं ठेवायचं नाही. लोणच्याची काचेची रिकामी बरणी स्टीलच्या डब्यापेक्षा बरी, कारण आत काय आहे ते न उघडता कळतं. तो कप्पा भरला असेल तर नवी भाजी टाकायची नाही, आधी तो रिकामा करायचा. तुमच्या आजी विचारून रांधायच्या, आम्ही कप्पा बघून रांधतो. त्यांची रीत जास्त चांगली होती, यात वाद नाही.

आता टोपल्याचं. ५५ किलोचा आकडा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालातला आहे. तो भारतातल्या घरांचा सरसकट अंदाज आहे. त्याच अहवालात असंही म्हटलंय की ग्रामीण भागात अन्न साधारणपणे कमी वाया जातं, कारण बरंचसं जनावरांना आणि खताला जात असावं. ही ओळ मी लेखात घ्यायला हवी होती. ती गाळल्यामुळे तुम्हाला गावावर ठपका ठेवल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटणं रास्त आहे.

पण ताई, एक गोष्ट मात्र सोडवत नाही. भाजीचे देठ, वाटाण्याची साल, भाकरीचा तुकडा गाईला जाणं वेगळं आणि गंजभर भात जाणं वेगळं. शिजलेलं धान्य एकाच वेळी जास्त पोटात गेलं की कोटीपोटात (जनावराच्या पहिल्या मोठ्या पोटात) आम्ल वाढतं, जनावर रवंथ सोडतं, पोट फुगतं. लग्नाच्या पंगतीनंतर गावात गाय आजारी पडते ती यानेच. आणि बुरशी आलेली भाकर तर अजिबात घालू नये. बुरशीच्या काही विषांचा अंश दुधात उतरतो, आणि ते दूध आपलीच लेकरं पितात. खराब झालेलं अन्न टोपल्यात टाकलं म्हणजे वाचलं असं होत नाही. चांगलं असताना माणसाच्या ताटात गेलं असतं, तर वाचलं म्हणायचं.

राहिली लाइन. इथे माझी चूक मोठी आहे. "उरलेला भात फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी फोडणी घाला" असं मी बिनदिक्कत लिहून गेले. तांदळात एका जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि त्यातून तयार होणारं विष पुन्हा गरम केल्यानं जात नाही. एरवी शिजलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जावं म्हणतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, तेव्हा एकच तास धरा. भात परातीत पसरून लवकर निववायचा आणि मग ठेवायचा. ठेवायच्या वेळी लाइन नसेल तर भात ठेवूच नये, त्या दिवसात मोजूनच लावावा.

पण लाइन जाते म्हणून फ्रिज लावण्यात अर्थ नाही, हे मला पटत नाही. उलट आहे. दार उघडलं नाही तर बंद फ्रिज साधारण चार तास थंडी धरून ठेवतो. वस्तू कुठे आहे हे माहीत नसलेलं घर दुपारभर दार उघडून शोधत बसतं. आमच्याकडे लाइन जायची वेळ ठरलेली असली की चहाचं दूध आणि जेवणाचं दही आधीच काढून माठाशेजारी पाणी घातलेल्या परातीत ठेवते, आणि मग दाराला कोणी हात लावत नाही. रात्री लाइन असते तेव्हा वरच्या बर्फाच्या कप्प्यात पाण्याच्या दोन-तीन बाटल्या गोठवते. त्या गळ्यापर्यंत भरायच्या नाहीत, फुटतात. दुपारी त्यातली एक दुधाच्या भांड्याला लावून ठेवते. लाइन चार तासांच्या पुढे गेली तर दूध, वरण, भात, मटण यांच्यावर भरवसा ठेवत नाही. लोणचं, तूप, अख्ख्या भाज्या यांना काही होत नाही.

आपल्याकडे बहुतेक घरी एका दाराचा फ्रिज असतो, त्यात बर्फाच्या खालची जागा सगळ्यात थंड. दूध तिथे, दारात नाही. थंडी कमी-जास्त करायच्या आतल्या चकतीवरचा आकडा मोठा केला की थंडी वाढते. आमच्या शेजारी कित्येक वर्षं उलट समजून उन्हाळ्यात एकवर ठेवत होते आणि दूध नासतं म्हणून दूधवाल्याला बोलत होते. बर्फ अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा जाड झाला की काढून टाकावा.

सांबार धुऊन ठेवू नका. मुळं कापून, कोरड्या सुती कापडात गुंडाळून ठेवलं की बुधवारचा पुढच्या बुधवारपर्यंत पुरतो. टमाटर आणि केळी पालेभाजीजवळ नकोत, पिकताना त्यातून निघणाऱ्या वायूनं पाला लवकर पिवळा पडतो. आलू-कांदे फ्रिजबाहेरच, तेही वेगवेगळ्या टोपल्यांत.

भाताचं ते वाक्य मी मूळ लेखात आज बदललं आहे आणि अहवालातली गावाबद्दलची ओळही घातली आहे. एक विचारायचं राहिलं. आजी उन्हाळ्यात वांगी चिरून वाळवायच्या असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. चिरून तशीच उन्हात टाकायच्या की आधी मिठाच्या पाण्यातून काढायच्या? आमच्याकडे सासूबाई तशीच टाकतात आणि ती काळी पडतात. येत्या एप्रिलमध्ये तुमच्या पद्धतीनं करून बघायचं म्हणतात.